बारा टेराफ्लॉप की दहा? कन्सोलची ताकद मोजायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारावी झालेल्या मुलाला गेमिंग कन्सोल घ्यायचा आहे. त्याचं म्हणणं, एक्सबॉक्स सिरीज एक्स बारा टेराफ्लॉपचा आणि प्लेस्टेशन ५ दहाचा, म्हणजे एक्सबॉक्स जवळपास वीस टक्के जास्त ताकदवान, विषय संपला. एम.जी. रोडवरचा दुकानदार म्हणतो, "साहेब, सगळे पीएस फाइव्हच नेतात." त्यात ओळखीतलं कुणीतरी सिरीज एस, म्हणजे एक्सबॉक्सचंच लहान, स्वस्त मॉडेल, स्वस्तात द्यायला तयार आहे. घरी ४३ इंची टीव्ही. आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय, या तिघांत खरा ताकदवान कोण?

मी नाशिकमध्येच कन्सोल दुरुस्तीचं काम करतो, जोडीला छोटंसं गेमिंग पार्लर आहे. ही तिन्ही मशिनं टेबलावर उघडीही बघतो आणि टीव्हीला लावलेलीही. तुमच्या मुलाचा आकडा बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. दुकानदाराचं म्हणणं विक्रीबद्दल आहे, ताकदीबद्दल नाही, त्यामुळे ते बाजूला ठेवू. आणि तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: या पैशात, या टीव्हीवर, या घरात मुलाला कोणत्या मशिनचा फरक प्रत्यक्ष जाणवेल?

आधी टेराफ्लॉपचं बघू, कारण घरातलं भांडण त्यावरच अडलंय. हा आकडा कुणी गेम चालवून मोजलेला नसतो. तो कागदावरचा गुणाकार आहे. पीएस ५ च्या ग्राफिक्स चिपमध्ये ३६ कम्प्युट युनिट आहेत. प्रत्येकात ६४ छोटे गणिती भाग. प्रत्येक भाग घड्याळाच्या एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज, म्हणजे दोन क्रिया करतो. घड्याळ जास्तीत जास्त २.२३ गिगाहर्ट्झ. ३६ गुणिले ६४ गुणिले २ गुणिले २.२३ केलं की सेकंदाला १०,२७६ अब्ज क्रिया येतात, त्यालाच १०.२८ टेराफ्लॉप म्हणतात (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला हजार अब्ज क्रिया). सिरीज एक्समध्ये ५२ युनिट, घड्याळ १.८२५ गिगाहर्ट्झ, तसाच गुणाकार केला की १२.१५. मुलाला मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघायला सांगा. यात मेमरी कुठे आली नाही, एसएसडी (गेम साठवायची जलद डिस्क) आली नाही, प्रोसेसर आला नाही. प्रत्येक गणिती भाग प्रत्येक ठोक्याला कामात आहे, एकही क्षण रिकामा नाही, असं गृहीत धरलेली ही कमाल मर्यादा आहे. खऱ्या गेममध्ये तसं कधीच होत नाही.

पिंपळगाव-दिंडोरीकडचं द्राक्षाचं पॅकहाऊस बघितलं असेल तर लगेच कळेल. टेबलाभोवती बायका जास्त बसवल्या म्हणून दिवसाला पेट्या तेवढ्या पटीत वाढत नाहीत. शेतातून क्रेट वेळेवर यायला हवेत, प्रीकूलिंगला (माल आधी गार करायला) जागा हवी, आणि हात किती झपाझप चालतात तेही आहेच. सिरीज एक्सने माणसं जास्त बसवली, पीएस ५ ने कमी माणसं पण वेगवान हात घेतले. टेराफ्लॉप म्हणजे नुसता हातांचा हिशोब. क्रेट किती वेगाने येतात त्याचा हिशोब वेगळ्या रकान्यात असतो.

आता तो वेगळा रकाना. मेमरीचा वेग पीएस ५ मध्ये सेकंदाला ४४८ गिगाबाइट, सगळ्या १६ जीबीला सारखा. सिरीज एक्समध्येही १६ जीबीच आहे, पण तिचे दोन भाग आहेत: १० जीबी ५६० च्या वेगाने आणि उरलेली ६ जीबी ३३६ च्या वेगाने. म्हणजे जलद भागात एक्सबॉक्स सरस, हळू भागात मागे, आणि कुठला डेटा कुठे ठेवायचा याची काळजी गेम बनवणाऱ्याने घ्यायची. घड्याळाचं उलट. पीएस ५ चं घड्याळ एक्सबॉक्सपेक्षा साधारण २२ टक्के जलद. ग्राफिक्स चिपमध्ये गणित करणाऱ्या युनिटांशिवाय बरंच काही असतं: त्रिकोणांचे पिक्सेल करणारा भाग, कॅश (चिपमधली छोटी, जलद मेमरी), कामं वाटून देणारा भाग. ते सगळं घड्याळाच्या वेगाने पळतं. प्लेस्टेशनचे मुख्य आरेखनकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० च्या भाषणात कमी युनिट आणि जास्त घड्याळ निवडण्यामागे हेच कारण सांगितलं होतं. एसएसडीत पीएस ५ सरळ पुढे: कच्चा वेग सेकंदाला ५.५ गिगाबाइट, सिरीज एक्सचा २.४. प्रोसेसर दोघांतही एएमडीच्या झेन २ प्रकारचे आठ कोर, एक्सबॉक्सचा किंचित जलद.

म्हणजे एकीकडे हे जास्त, दुसरीकडे ते. बेरीज काय होते? ती गेममध्येच दिसते. नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही मशिनं नवी होती तेव्हा असॅसिन्स क्रीड वल्हाला दोन्हींवर आला, आणि 'बारा' वाल्या मशिनपेक्षा 'दहा' वाल्यावर सेकंदाला साठ फ्रेम (चित्रं) जास्त नीट टिकत होत्या. पुढच्या अपडेटमध्ये एक्सबॉक्स सुधारला. नंतरच्या वर्षांत बऱ्याच गेममध्ये सिरीज एक्सचं रिझोल्यूशन (चित्रातल्या पिक्सेलची संख्या) थोडं वर असतं, काहींत पीएस ५ च्या फ्रेम जास्त स्थिर. माझ्या पार्लरमध्ये येणारी पोरं दिवसभर कंट्रोलर हातात धरून असतात, पण मशिन झाकून ठेवून 'ओळख कुठला' असं खेळायला सांगितलं तर बहुतेक जण मशिन कंट्रोलरवरून ओळखतील, चित्रावरून नाही.

टेराफ्लॉपवर आंधळा विश्वास ठेवू नये याचा सगळ्यात चांगला पुरावा प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीनेच दिलाय. २०२४ च्या नोव्हेंबरात पीएस ५ प्रो आला. त्याचा आकडा १६.७ टेराफ्लॉप, म्हणजे साध्या पीएस ५ पेक्षा ६२ टक्के जास्त. पण सोनीने स्वतः दावा काय केला? चित्र तयार करण्याचा वेग साधारण ४५ टक्के जास्त. मधले टक्के कुठे गेले? बहुधा मोठा भाग मेमरीत. मेमरीचा वेग ४४८ वरून ५७६ झाला, म्हणजे फक्त २९ टक्क्यांच्या आसपास वाढ. हात वाढले, क्रेट तेवढे वाढले नाहीत. (तो प्रो जगभर आला तेव्हा भारतात अधिकृतपणे आणला नाही. बाहेरून आणलेला कुणी गळ्यात मारत असेल तर वॉरंटी कोण देणार, ते आधी विचारा.)

जुन्या लोकांना यात नवं काही वाटणार नाही. २००५ मध्ये सोनीने पीएस ३ ची ओळख करून देताना सगळं मिळून २ टेराफ्लॉपचा दावा केला होता, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी १ चा. मग २०१३ मध्ये पीएस ४ आला तो १.८४ चा! कागदावर बघाल तर आठ वर्षांनी सोनी मागे गेली. अर्थात तसं काही झालं नव्हतं, मोजण्याची पट्टी बदलली होती. पीएस ३ चा सेल प्रोसेसर कागदावर जबरदस्त होता, पण त्याचे छोटे कोर नीट राबवायला प्रोग्रामरला घाम फुटायचा, शिवाय मेमरी २५६-२५६ एमबी अशी दोन वेगळ्या कप्प्यांत. एक्सबॉक्स ३६० मध्ये ५१२ एमबी एकत्र होती. त्या काळात दोन्हींवर आलेले कितीतरी गेम ३६० वरच बरे चालायचे. आणि या दोघांपेक्षा कितीतरी दुबळा असलेला निन्तेंदोचा वी विक्रीत दोघांच्याही पुढे गेला. हे शेवटचं ताकदीबद्दल काही सांगत नाही, पण दुकानदाराच्या वाक्याचं वजन किती धरायचं ते सांगतं.

मग दोन कन्सोलची तुलना करायची कशी? आकडे सोडा, चित्र मोजा. आजचे गेम ४के (२१६० ओळींचं चित्र) लिहितात खरं, पण आतून रिझोल्यूशन सतत खालीवर करत असतात. गर्दीचा सीन आला की कमी, मोकळं रान आलं की जास्त. ते मोजण्याची एक जुनी युक्ती आहे, मुलाला आवडेल. ४के स्क्रीनशॉट घ्या, पेनड्राइव्हवर काढून कॉम्प्युटरवर खूप मोठा करा. एखाद्या भिंतीची किंवा पत्र्याची तिरकी कड शोधा, साधारण ४५ अंशात असलेली. कड सरळ दिसणार नाही, पायऱ्या दिसतील. ३० पिक्सेलच्या उंचीत पायऱ्या मोजा. तीस भरल्या तर खरं ४के. वीसच भरल्या तर वीस भागिले तीस गुणिले २१६०, म्हणजे १४४०. गेम मुळात १४४०पी मध्ये काढलाय आणि ताणून ४के केलाय. आताच्या गेममध्ये आधीच्या फ्रेमची माहिती मिसळून कडा गुळगुळीत करतात, त्यामुळे कॅमेरा झटकन वळवल्यावरच्या क्षणाचा फोटो घेतला तरच पायऱ्या हाती लागतात. तुलना करताना गेम एकच हवा, सीन एकच हवा आणि सेटिंग्जमधला मोडही एकच. एकावर 'परफॉर्मन्स' आणि दुसऱ्यावर 'क्वालिटी' लावून केलेल्या तुलनेला काही अर्थ नाही. असे व्हिडिओ ढिगाने फिरतात.

फ्रेमचंही तसंच. साठ फ्रेमसाठी प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात, तीससाठी ३३.३. सरासरी ५८ फ्रेम ऐकायला छान वाटतं, पण मधूनच एखादं चित्र पन्नास मिलिसेकंदाला आलं तर हाताला झटका लागतोच. सरासरीपेक्षा सातत्य बघायचं.

आता सिरीज एस, कारण तुमच्या बाबतीत खरा धोका तिथे आहे. त्याचे ४ टेराफ्लॉप ऐकून लोक घाबरतात. मला त्याची चिंता कमी वाटते, कारण तो मुळातच १०८०पी किंवा १४४०पी साठी बनवलाय. ४के मध्ये साधारण ८३ लाख पिक्सेल असतात, १०८०पी मध्ये पावणेएकवीस लाख, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. पिक्सेल चौथा हिस्सा आणि ताकद तिसरा हिस्सा, हिशोब जुळतो. जुळत नाही ती मेमरी. त्यात एकूण १० जीबी आहे, त्यातली गेमला मिळायची साधारण ८. सिरीज एक्सवर गेमला साडेतेरा मिळते. आणि मेमरीत नुसते पिक्सेल नसतात. नकाशा असतो, पात्रं असतात, आवाज असतो, कुणी काय केलं याची नोंद असते. टीव्ही लहान केला म्हणून ते लहान होत नाही. बाल्डर्स गेट ३ चं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये तो पीसी आणि पीएस ५ वर आला, एक्सबॉक्सवर मात्र डिसेंबरपर्यंत थांबला, कारण एकाच पडद्यावर दोघांनी खेळायची सोय सिरीज एसवर बसेना. शेवटी सिरीज एसवर ती सोय वगळूनच गेम आला. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये गेम बनवणाऱ्यांना काही शे एमबी मोकळे करून दिले होते, म्हणजे अडचण त्यांनाही दिसत होती. वर साठवणीची जागा: ५१२ जीबीतली हाती ३६४ च्या आसपास. आजचा एकेक मोठा गेम शंभर जीबी खातो, आणि वाढवायचं कार्ड एक्सबॉक्सचं वेगळंच घ्यावं लागतं. पीएस ५ मध्ये बाजारातली चांगली एम.२ एसएसडी बसते, हीटसिंक (उष्णता काढणारी धातूची पट्टी) मात्र हवी. सोनीने सेकंदाला ५.५ गिगाबाइट किंवा जास्त वेगाची सुचवलीय. बसवणं दहा मिनिटांचं काम आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

टीव्हीवर येऊ. तो १०८०पी असेल तर पीएस ५ आणि सिरीज एक्समधला रिझोल्यूशनचा फरक विसरा. दोन्हींचं चित्र टीव्हीवर जाताना खालीच येणार. ४के असेल, पण साठ हर्ट्झचा (सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा), तर १२० फ्रेमच्या गप्पा विसरा. आणि दहा फुटांवरच्या सोफ्यावरून ४३ इंचावर १४४० आणि २१६० मधला फरक सांगणारा डोळा मी अजून बघितलेला नाही. त्यापेक्षा टीव्हीत गेम मोड चालू करा. पार्लरमध्ये नवीन माणूस "घरचा पीएस फाइव्ह लॅग मारतो" म्हणून येतो तेव्हा माझा पहिला प्रश्न तोच असतो. टीव्ही चित्र 'सुंदर' करण्यात जो वेळ घालवतो, तो कुठल्याही टेराफ्लॉपने भरून निघत नाही.

आता नाशिकचं. "उन्हाळ्यात कन्सोल स्लो होतो का" हा एप्रिल-मे मध्ये मला येणारा नेहमीचा प्रश्न. लॅपटॉप आणि मोबाइल होतात, पीएस ५ आणि सिरीज एक्स होत नाहीत. सिरीज एक्सचं घड्याळ स्थिरच आहे. पीएस ५ चं बदलतं, पण खोलीच्या तापमानावर नाही. चिपला मिळणाऱ्या विजेच्या ठराविक मर्यादेत, गेम किती काम देतोय त्यावर. मुद्दाम तसं केलंय, म्हणजे सिन्नर फाट्यावरच्या पत्र्याच्या खोलीत आणि एसी हॉलमध्ये गेम सारखाच पळेल. फरक पडतो तो पंख्याच्या आवाजात, आणि अगदीच गरम झालं तर सूचना देऊन मशिन बंद पडतं. म्हणून टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कुठलाच ठेवू नका. सातपूर-अंबड बाजूला धूळ जास्त. पीएस ५ च्या बाजूच्या पांढऱ्या प्लेट काढल्या की आत धूळ जमण्यासाठी केलेली भोकं दिसतात, तिथून व्हॅक्यूम लावून साफ होते. त्यापुढे हौसेने उघडू नका. पीएस ५ मध्ये चिप आणि हीटसिंकच्या मध्ये साध्या पेस्टऐवजी लिक्विड मेटल आहे, ते सांडलं तर बोर्ड जातो.

वीज गेल्यावर चालू राहावा असं वाटत असेल तर पीएस ५ किंवा सिरीज एक्सला मोठ्या गेममध्ये दोनशे वॉटच्या आसपास धरा, वर टीव्ही वेगळा. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस नीट बंद करण्यापुरता टिकेल, मॅच संपवण्यापुरता नाही. सिरीज एस निम्म्याहून कमी वीज खातो, हा त्याचा खरा गुण, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही.

निन्तेंदोचा उल्लेख तुम्ही केला नाहीत, तरी एक ओळ: २०२५ चा स्विच २ या तुलनेत बसवू नका. तो हातात धरूनही खेळायचा, १२ जीबी मेमरीचा, वेगळ्याच गरजेचा प्राणी आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कागदावर सिरीज एक्स थोडा वर, एसएसडीत पीएस ५ वर, आणि तुमच्या ४३ इंचांवर दोघं सारखे. त्यामुळे निवड ताकदीवर करूच नका. मुलाच्या मित्रांकडे काय आहे, त्याला कुठले गेम खेळायचेत, आणि जुन्या डिस्क घेण्याविकण्याची सोय हवी का, यावर करा. नाशिकमध्ये माझ्यासमोर ज्या जुन्या डिस्क हात बदलतात त्या बहुतेक प्लेस्टेशनच्या असतात, आणि सुटे भागही त्याचेच लवकर मिळतात, म्हणून माझा कौल पीएस ५ कडे, डिस्क ड्राइव्हवाल्याकडे. मुलगा महिन्याच्या वर्गणीवर वेगवेगळे गेम चाखणारा असेल तर सिरीज एक्स तितकाच चांगला. सिरीज एस फक्त एकाच परिस्थितीत घ्या: टीव्ही १०८०पी आहे, बजेट घट्ट आहे, आणि मुलगा दोन-तीन गेमच वर्षभर खेळणारा आहे. जुना घेत असाल तर देणाऱ्याच्या घरी जाऊन निदान तासभर मोठा गेम चालवून बघा, नुसता होम स्क्रीन बघून पैसे देऊ नका. एचडीएमआय पोर्टमध्ये केबल हलवून चित्र जातंय का तेही बघा. माझ्या टेबलावर येणाऱ्या जुन्या मशिनांत त्या पोर्टचं काम सगळ्यात जास्त असतं.

टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर इथे टाकलात तर तो किती हर्ट्झचा आहे आणि कुठल्या एचडीएमआय पोर्टला कन्सोल लावायचा ते सांगतो. सगळे पोर्ट सारखे नसतात.